मोकळ्या ठेवलेल्या चार जागा

जुन्या गेम कन्सोलची मेमरी वाढवायची म्हटलं की बहुतेकांना निन्टेंडो ६४ आठवतो. पुढचं झाकण उघडायचं, लाल डोक्याची डबी आत ढकलायची, ४ मेगाबाइटचे ८ झाले. सेगा सॅटर्नला तर कार्ट्रिजच्या खाचेत १ किंवा ४ मेगाबाइटचं कार्ट्रिज बसवलं की काम संपलं. हत्यार लागत नाही, हात भाजत नाही.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला, त्याला अशी कुठलीही खाच नाही. ६४ मेगाबाइट मेमरी बोर्डवरच पक्की बसवलेली. पण तो बोर्ड बाहेर काढून उजेडात धरला की लक्षात येतं, मेमरीच्या चार चिप बसलेल्या आहेत आणि तशाच चार जागा मोकळ्या आहेत. दोन वरच्या बाजूला, दोन खालच्या. चिपचे पाय टेकवायचे पॅड आहेत, त्यांना जोडणारे तांब्याचे ट्रॅक आहेत, फक्त चिप नाहीत.

या जागा खेळणाऱ्यांसाठी नव्हत्याच. गेम लिहिणाऱ्या कंपन्यांना जी डेव्हलपमेंट किट दिली जात, त्यांत १२८ मेगाबाइट मेमरी असे. गेम लिहिताना डीबगर आणि चुका शोधायची इतर साधनंही मेमरीतच बसावी लागतात, त्यांच्यासाठी वरची ६४. सेगाने याच रचनेवर चिहिरो नावाचा आर्केड बोर्ड काढला, त्यातही १२८. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा बोर्ड आखण्यापेक्षा एकच आखून दुकानात जाणाऱ्या यंत्रातल्या चार जागा रिकाम्या ठेवणं स्वस्त. म्हणून त्या जागांवर चिप बसवून मेमरी १२८ करणं हे काही जुगाड नाही. कारखान्याने ज्या कामाची सगळी तयारी करून ठेवली आणि मग केलं नाही, ते आपण करतो इतकंच.

मात्र आधी एक भ्रम काढून टाकावा. मेमरी दुप्पट केल्याने दुकानातून आणलेली गेम जलद चालत नाही, तिचं चित्रही सुधारत नाही. एक्सबॉक्सच्या प्रत्येक एक्सबीई फाइलच्या, म्हणजे गेमच्या मुख्य प्रोग्रामच्या, सुरुवातीला काही खुणा असतात आणि त्यांतली एक खूण यंत्राला सांगते की ६४ मेगाबाइटच्या वर जाऊ नकोस. ती ठेवण्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. डेव्हलपमेंट किटवर १२८ आहेत म्हणून गेम नीट चालली आणि घरच्या यंत्रावर बसलीच नाही, असं व्हायला नको. विक्रीच्या गेम त्या खुणेला धरूनच चालतात. वरची ६४ मेगाबाइट तोवर नुसती बसून राहतात.

मग कुणाला उपयोग? ज्यांना गेमवर पॅच लावून ती ७२० रेषांच्या एचडीत चालवायची आहे त्यांना नक्की. हिशोब सरळ आहे. ६४० गुणिले ४८० चं एक चित्र, प्रत्येक बिंदूला ४ बाइट, म्हणजे सुमारे १.२ मेगाबाइट. दाखवायचं एक, तयार होत असलेलं दुसरं आणि कुठली वस्तू पुढे, कुठली मागे हे नोंदणारा डेप्थ बफर तिसरा मिळून साडेतीनच्या आसपास. १२८० गुणिले ७२० ला तेवढी जागा एकट्या चित्रालाच लागते, तिन्ही मिळून साडेदहा मेगाबाइट जातात. एक्सबॉक्समध्ये ग्राफिक्सची वेगळी मेमरी नाही. ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम घराण्यातला प्रोसेसर आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप एकाच ६४ मधून खातात. ज्या गेमने ती ६४ काठोकाठ भरली आहेत तिच्याकडून वरची सात मेगाबाइट कुठून काढणार? दुसरा उपयोग इम्युलेटरचा, म्हणजे दुसऱ्या यंत्रांचे खेळ इथे चालवणाऱ्या प्रोग्रामचा. शेवटच्या काळातल्या निओ जिओ खेळांचा डेटा ७०० मेगाबिटच्या घरात जातो, म्हणजे ८५ मेगाबाइटच्याही वर. तो ६४ मध्ये मावत नाही, हार्ड डिस्कवरून तुकड्यातुकड्याने आणावा लागतो. तिसरा उपयोग चिहिरोच्या गेम घरच्या यंत्रावर चालवण्याचा. यांतलं काहीच करायचं नसेल तर बोर्डला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

आता बोर्ड कुठला, ते. एक्सबॉक्सच्या बोर्डच्या आवृत्त्या १.० पासून १.६ पर्यंत मोजल्या जातात. १.० ते १.५ मध्ये मोकळ्या जागा आहेत. २००४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये त्या काढूनच टाकल्या. विकत घेताना विक्रेता आवृत्ती सांगेल तेवढ्यावर विसंबू नये, उघडून बघणं हा एकच खात्रीचा मार्ग. खालच्या बाजूला सहा स्क्रू आहेत, टॉर्क्स टी२० चे. चार रबरी पायांखाली आणि दोन स्टिकरखाली लपलेले. आतली हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि बोर्ड यांना टी१०.

उघडल्यावर पहिलं लक्ष पॉवर सप्लायकडे हवं. तो उघडाच बसवलेला असतो, वर जाळी-पत्रा काही नाही. वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा त्या भागात बोट घालू नये. भारतात याला आणखी एक पदर आहे. पहिला एक्सबॉक्स इथे अधिकृतपणे विकला गेला नाही, मायक्रोसॉफ्टचा कन्सोल भारतात अधिकृतपणे आला तो २००६ साली, एक्सबॉक्स ३६०. त्यामुळे इथे सापडणारी यंत्रं कुणी ना कुणी बाहेरून आणलेली. अमेरिका-जपानची असतील तर सप्लाय ११० व्होल्टच्या आसपासचा. तो आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावला की पुढची चर्चाच संपते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा किंवा युरोपीय यंत्राचा सप्लाय बसवा. सप्लाय बदलताना कनेक्टर जुळतो का तेही बघा. १.० आणि १.१ चा एक प्रकार, १.२ ते १.५ चा दुसरा.

दुसरं लक्ष घड्याळाच्या कपॅसिटरकडे. वायर काढल्यावर काही तास तारीख-वेळ टिकावी म्हणून १ फॅराडचा एक सुपर कपॅसिटर बसवलेला आहे. १.० ते १.५ च्या बोर्डांवर तो फुटून गळतो आणि गळलेला द्रव बोर्डच्या बारीक ट्रॅकना खातो. तो काढून टाकला तरी या आवृत्त्या व्यवस्थित चालतात, वायर काढल्यावर फक्त घड्याळ पुसलं जातं. काढल्यावर खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून भिंगातून बघावी. हिरवा-तपकिरी थर किंवा तुटलेला ट्रॅक दिसला तर आधी तो दुरुस्त करायचा, मेमरीचं नंतर बघू. मुळात आजारी बोर्डवर नव्या चिप बसवल्या तर पुढे बिघाड कुणाचा हे ठरवता येत नाही. त्याच कारणासाठी काम सुरू करण्याआधी यंत्र तासभर चालवून ते निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी.

चिपबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे इथेच वाया जातात. सॅमसंगची के४डी२६३२३८ ही चिप हवी. एका चिपमध्ये १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट, रुंदी ३२ बिट. चार मिळून ६४ मेगाबाइट आणि १२८ बिटांची बस. आकड्यानंतर एक अक्षर येतं, त्यानंतर रेघ आणि मग क्यूसी किंवा जीसी. या जोडीकडे बारकाईने बघायचं. क्यूसी म्हणजे चारही बाजूंना पाय असलेली शंभर पायांची चिप, ती आपली. जीसी म्हणजे पोटाखाली गोळ्या असलेली बीजीए. आत तीच मेमरी आहे, पण या पॅडवर ती कधीच बसणार नाही. शेवटचा आकडा वेगाचा. ५० म्हणजे ५ नॅनोसेकंद, २०० मेगाहर्ट्झ, एक्सबॉक्सला नेमकं तेवढंच लागतं. ४५ आणि ४० त्याहून वेगवान, त्याही चालतात. ६० घेऊ नये.

अगदी भरवशाचा स्रोत म्हणजे दुसरा मेलेला एक्सबॉक्स. घड्याळाच्या कपॅसिटरने ज्यांचे ट्रॅक खाल्ले अशा बोर्डवरच्या मेमरी बहुधा ठणठणीत असतात आणि एका बोर्डवरून चार निघतात, म्हणजे बरोबर एका यंत्राची सोय. त्या काळातल्या काही ग्राफिक्स कार्डांवरही हीच चिप सापडते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे जुनी कार्डं धुंडाळायची तयारी असेल तर खिशात नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून अक्षरं वाचा. ‘नवी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपचे पाय नीट बघावेत. पायांवर जुन्या सोल्डरचा माग दिसला तर ती उपसून धुतलेली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त नव्याची किंमत देऊ नये.

दाता बोर्डवरून चिप काढताना घाई केली की पाय वाकतात. बोर्ड खालून १०० ते १२० अंशांपर्यंत तापवावा, चिपभोवती भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) लावावा आणि वरून साधारण ३५० ते ३८० अंशांची गरम हवा गोल फिरवत द्यावी. चिमट्याने हलकंसं ढकलून बघायचं. चिप हलली की सरळ वर उचलायची, ओढायची नाही. मागच्या बाजूलाही चिप आहेत हे ध्यानात ठेवा, फार वेळ हवा दिली तर खालची घरंगळून पडते. वर्षानुवर्षं ओल शोषलेली चिप एकदम तापली तर आतली वाफ तिला फोडते. म्हणून बोर्ड आधी काही तास ११० ते १२५ अंशांच्या छोट्या ओव्हनमध्ये वाळवून घेणं बरं. तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. हे यंत्र २००६ मध्ये युरोपात शिशाला बंदी येण्याआधीचं, त्यामुळे त्यावरचं सोल्डर साधारणपणे शिशाचं असतं आणि सहज वितळतं. पण शिसं ते शिसं. खिडकी उघडी ठेवायची आणि उठल्यावर हात धुवायचे.

निघालेल्या चिपचे पाय विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) साफ करून चिप काचेच्या तुकड्यावर ठेवावी. शंभरही पाय काचेला टेकले पाहिजेत. एखादा वर राहिला असेल तर सुईने हळूच खाली आणावा. दोन पायांमधलं अंतर ०.६५ मिलिमीटर, त्यामुळे बाजूला वाकलेला पाय नुसत्या डोळ्यांना सरळच भासतो.

बसवायच्या जागेवर कारखान्याचं जुनं सोल्डर असतं, त्याची ओबडधोबड टेकाडं झालेली. फ्लक्स लावून विकने ती सपाट करायची. इथे जोर लावला की पॅडच उखडतो. विक गरम असेपर्यंतच सरकवावी आणि आयर्नची बिट (तापणारं टोक) व विक दोन्ही एकदम उचलावीत. विक पॅडवर थंड होऊ दिली तर ती चिकटते, आणि मग ओढताना पॅड घेऊनच येते.

दिशा तीनदा तपासा. बोर्डवर पहिल्या पायाची खूण छापलेली असते, चिपवर छोटा खोलगट ठिपका. काही चिपवर साच्याचेही मोठे गोल असतात, ते ठिपके समजू नका. चिप उलटी बसली तर सप्लायच्या जागी भलतेच पाय येतात आणि ती चिप तर जातेच, जाताना आणखी कुणाला नेईल सांगता येत नाही.

बसवण्यासाठी गरम हवा नको, सोल्डरिंग आयर्नच बरं. ०.५ मिलिमीटरचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, म्हणून तेच. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर. बिट टोकदार नको, त्याच्या टोकाशी उष्णता पुरत नाही. चाकूसारखी किंवा तिरकी कापलेली घ्या. आधी पॅडवर जेल फ्लक्सचा पातळ थर, त्यावर चिप. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतला एकेक पाय टाचून घ्यायचा आणि भिंगातून चारही बाजू बघायच्या. अर्ध्या पॅडचा जरी फरक वाटला तरी टाका वितळवून पुन्हा सरळ करायचं. चारही बाजू जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. या पाच मिनिटांवर पुढचा अख्खा दिवस अवलंबून असतो.

मग पुन्हा फ्लक्स, भरपूर. लांब बाजूला ३० पाय, आखूड बाजूला २०. बिटवर थोडंसं सोल्डर घेऊन ती पायांच्या टोकांवरून एका संथ चालीने ओढत न्यायची. फ्लक्स पुरेसा असेल तर प्रत्येक पाय आपल्यापुरतं सोल्डर घेतो आणि उरलेलं बिटबरोबर पुढे जातं. शेवटच्या दोन-तीन पायांत ब्रिज, म्हणजे पाय एकमेकांना जोडणारा सोल्डरचा पूल, होतोच. बिट पुसून, फ्लक्स लावून ती त्या पायांवरून बाहेरच्या दिशेने ओढली की निघतो, नाही निघाला तर विक. ग्राउंडचे पाय मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेले असल्यामुळे उष्णता गिळतात. तिथे जरा थांबावं लागतं, नाहीतर वरून चकचकीत आणि खालून ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, असा प्रकार होतो. तापमान वाढवण्यापेक्षा बोर्ड खालून तापवणं चांगलं.

हात बरा असेल तर इथवरचं काम एका दुपारचं. खरा वेळ त्यापुढे जातो आणि जायलाच हवा. चार चिपचे चारशे पाय. एका चिपवर शेजार-शेजारच्या जोड्या २९, १९, २९, १९ अशा ९६, चारींच्या मिळून ३८४. मल्टिमीटर बझरवर ठेवून प्रत्येक जोडी बघायची. कुठे बझर वाजला तर लगेच विक उचलू नका. कारखान्याने बसवलेल्या चिपवर तीच जोडी वाजते का ते आधी बघा. तिथेही वाजत असेल तर ती जोडणी बोर्डातलीच आहे.

उघडा टाका, म्हणजे पॅडला न जुळलेला पाय, शोधणं त्याहून अवघड. डायोड मोडमध्ये मीटरचा लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा पायाला लावून येणारा आकडा कारखान्याच्या चिपवरच्या त्याच पायाशी ताडून बघतात. यात एक खोच आहे. प्रोबने पाय दाबला की तुटका टाकाही तेवढ्यापुरता जुळतो आणि आकडा बरोबर येतो. म्हणून पायाच्या वरच्या वळणावर प्रोब नुसता टेकवायचा. शिवाय बारीक सुईने प्रत्येक पायाला बाजूने हलकासा धक्का देऊन बघावा. जो हलला तो जोडलेला नाही. हे कंटाळवाणं आहे, पण ब्रिज आणि उघडा टाका यांनीच बहुतेक बोर्ड अडतात, चिप खराब निघाल्याने क्वचित.

पॉवर देण्याआधी मेमरीच्या सप्लाय आणि ग्राउंडमधला रोध मोजा. काम सुरू करण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवला असेल तर त्याचा आता उपयोग होतो. तो कोसळून शून्याजवळ आला असेल तर बटणाला हात लावू नका.

एक सल्ला जरूर पाळावा, चारही चिप एकदम बसवू नयेत. एक बसवा, धुवा, तपासा, यंत्र चालू करा, मग दुसरी. त्यामागे कारण आहे. नव्या चिपला स्वतंत्र डेटा लाइन नाहीत. जुनी आणि नवी चिप म्हणजे चाळीतल्या एकाच नळावरची दोन बिऱ्हाडं, कुणाची पाळी हे निवडीची वेगळी लाइन ठरवते. त्यामुळे नव्या चिपच्या दोन पायांत ब्रिज झाला तर जुनी, धडधाकट चिपही वाचता येत नाही. यंत्र चालू होतं, बंद पडतं, असं तीनदा करतं आणि मग बटणाभोवतीचा दिवा लाल-हिरवा लुकलुकत राहतो. चारही चिप एकदम बसवल्या असतील तर चारशे पायांत गुन्हेगार शोधत बसा. एकेक बसवली असेल तर शंभरात. उलट, उघडा टाका जुन्या चिपला त्रास देत नाही. यंत्र नेहमीसारखं चालतं आणि दोष फक्त मेमरीच्या चाचणीतच दिसतो. लक्षणावरून रोग ओळखण्याची इतकी सरळ संधी इलेक्ट्रॉनिक्समध्ये नेहमी मिळत नाही.

चाचणीसाठी एक्सब्लास्ट ओएस नावाचा प्रोग्राम वापरतात. तो नव्या मेमरीच्या चारही जागा वेगवेगळ्या तपासतो, त्यामुळे एकच चिप बसवलेली असतानाही तिचा निकाल कळतो. एखादी जागा नापास झाली की त्याच चिपच्या टाक्यांवर पुन्हा फ्लक्स लावून आयर्न फिरवायचं, चिप उपसण्याची घाई करायची नाही. पास झाल्यावर यंत्र अर्धा तास चालवून गरम अवस्थेत पुन्हा चाचणी घ्यावी. ड्राय सोल्डर थंडीत पास होतो आणि तापल्यावर उघडा पडतो.

मूळ बायॉस (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) ६४ च्या पलीकडे बघत नाही, त्यामुळे १२८ ओळखणारा बायॉस लागतो. सर्बिओस किंवा जुना एक्स२ चालतो. तो मॉडचिपवर, म्हणजे बाहेरून जोडलेल्या वेगळ्या चिपवर, टाकता येतो किंवा बोर्डवरच्याच फ्लॅश चिपमध्ये लिहिता येतो, त्यासाठी लेखनबंदीच्या दोन जागा, बोर्डच्या एकेका बाजूला एकेक, सोल्डरने जोडाव्या लागतात. १.० आणि १.१ मध्ये ती फ्लॅश १ मेगाबाइटची, १.२ ते १.५ मध्ये २५६ किलोबाइटची, म्हणून फाइल त्या मापाची निवडावी. हे बायॉसचं काम चिपना हात लावण्याआधी पुरं करून ठेवलेलं बरं. नव्या चिप बसवल्यावर यंत्र उठलं नाही तर संशय दोन ठिकाणी वाटला जात नाही.

शेवटी बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिलने नीट धुवा, पायांच्या मागची फटही. स्वस्त फ्लक्स बोर्डवर राहिला तर ओल धरतो, आणि कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात दोन पायांमधली ०.६५ मिलिमीटरची फट ही काही फार नाही. मेमरीवर हीटसिंक चिकटवायची गरज नाही आणि सप्लायही मूळचाच पुरतो.